प्रार्थनास्थळाचा सातबारा

दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात गेल्यावर हात जोडावेत की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडतच नाही. हात आपोआप जुळतात. लहानपणापासून सत्संगात बसलेल्या माणसाला दर्ग्याच्या उंबऱ्याशी किंवा चर्चच्या दाराशी वेगळे काही करावे लागत नाही. तेवढी शिकवण अंगात मुरलेली असते. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या वास्तूपुढे आपण हात जोडतो, ती कशी उभी राहिली, हे विचारावे का? आणि विचारल्यावर जे कळेल, त्याचे काय करावे?

हा प्रश्न मला उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चने घातला. बंगळुरूला राहणाऱ्यांना उटी नवे नाही. परीक्षा संपल्या की निम्मे कॉलेज तिकडे जाते. तलाव, गुलाबाची बाग, डोंगरातली छोटी रेल्वे आणि परतीच्या पिशवीत चॉकलेट हा ठरलेला कार्यक्रम. चर्च मात्र बहुतेक जण रस्त्यावरूनच पाहतात. फिकट पिवळ्या भिंती, चौकोनी बुरूज, मागे चढत गेलेला डोंगर आणि त्या उतारावर जुनी दफनभूमी. निलगिरीतल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी हे एक. त्याची कोनशिला २३ एप्रिल १८२९ रोजी बसली. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर स्टीफन रंबोल्ड लशिंग्टन यांना या डोंगरावर स्वतःच्या लोकांसाठी चर्च हवे होते. बांधकाम कॅप्टन अंडरवुड यांनी पाहिले, १८३० च्या नोव्हेंबरात कलकत्त्याचे बिशप टर्नर यांनी समर्पणविधी केला आणि १८३१ च्या ईस्टरला ते उपासनेसाठी खुले झाले. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाकडे आहे. तिथे दर रविवारी प्रार्थना होते, लग्ने होतात, बाप्तिस्मे होतात. म्हणजे ती जतन करून ठेवलेली नुसती इमारत नाही, वापरातले देवघर आहे.

आत गेलात की मान वर करून छताकडे पाहा. त्या छताला आधार देणारे मोठे लाकूड श्रीरंगपट्टणचे आहे, टिपू सुलतानाच्या राजवाड्यातले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि इंग्रज सैनिकांनी शहर लुटले. त्यानंतर तीस वर्षांनी निलगिरीच्या माथ्यावर चर्च बांधायला घेतले, तेव्हा मोठ्या तुळयांसाठी राजवाड्याचे लाकूड वापरले गेले. ते हत्तींकडून ओढून डोंगरावर आणले, असे सांगतात. आज मसिनगुडीकडून कल्लट्टीचा घाट चढताना छत्तीस वळणांवर गाड्यांची दमछाक होते. तेव्हा तर असा रस्ताही नव्हता. त्या जनावरांचे आणि त्यांच्या माहुतांचे काय झाले असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

यात दडवादडवी काहीच नाही. चर्चची माहिती देणारा जवळजवळ प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो. वाहनचालकही सांगतात. फक्त सांगताना सूर कौतुकाचा असतो, ‘बघा, टिपूच्या महालातलं लाकूड!’ जणू एखाद्या लग्नघरात आजीच्या पैठणीचे काठ दाखवावेत.

मी आत जाऊन बसले तेव्हा दुपार होती आणि फारसे कोणी नव्हते. रंगीत काचांतून येणारा उजेड बाकांवर पडला होता. डोळे मिटले, आणि जी शांतता आली ती खरी होती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की इतिहास कळल्यामुळे माझे ध्यान बिघडले. तसे झाले नाही. तुळया कुठून आल्या हे मला आधीपासून माहीत होते आणि तरीही मन शांत झाले. अडचण तिथेच आहे. मन शांत होणे ही त्या जागेबद्दलची साक्ष मानायची का? ‘इथे इतकं छान वाटलं, म्हणजे इथलं सगळं ठीकच असणार,’ असे आपण नकळत धरून चालतो. खरे तर छान वाटणे ही माझ्या आत घडलेली गोष्ट आहे. तुळईला त्याचे श्रेय नाही, आणि त्यातून तुळईची सुटकाही होत नाही.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. सेवा म्हणून या संकेतस्थळासाठी इंग्रजी लेखांचा मराठी अनुवाद करते. माझे अनुवाद तपासणाऱ्या ताईंपुढे मी हा विषय काढला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अगं, देवळात जाताना काय सातबारा मागायचा?” (इथे कर्नाटकात सातबाऱ्याला पहाणी म्हणतात, पण प्रश्न तोच.) त्यांचे पुढचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. भूतकाळ उकरत बसलो तर पृथ्वीवर डोके टेकायला एक हातभर जागा उरणार नाही. साधकाने वर्तमानात राहावे. जे आहे ते आहे.

वर्तमानात राहण्याचे महत्त्व मी नाकारत नाही. मनस्ताप आणि चिंता यांतून सोडवणारी ती फार मोठी युक्ती आहे. पण ती युक्ती माझ्या मनासाठी आहे. दुसऱ्याच्या नुकसानीवर ती लावता येत नाही. माझ्या पाकिटातून कोणी पैसे काढले तर ‘वर्तमानात राहा’ असे मी स्वतःला सांगू शकते. पैसे काढणाऱ्याने मला ते सांगणे वेगळे. त्याचा लाभ मिळालेल्या तिसऱ्याच माणसाने ते सांगितले, तर तेही फारसे वेगळे नाही. उटीच्या बाकावर बसलेली मी अशी तिसरी माणूस आहे. छताची सावली मला मिळते आहे.

आमच्या अभ्यासक्रमात १९३० चा मालविक्री कायदा आहे. त्यातल्या कलम २७ चा गाभा असा की ज्याची मालकी ज्याच्याकडे नाही, तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोरीचे घड्याळ मी पूर्ण किंमत मोजून, पावती घेऊन, मनात कसलेही पाप न ठेवता विकत घेतले, तरी ते माझे होत नाही. अपवाद आहेत, परीक्षेत ते लिहावे लागतात. मूळ नियम मात्र असा स्वच्छ आहे. आता तुळयांना तो लावून पाहा. इंग्रज म्हणतील, ती चोरी नव्हती, युद्ध होते. त्या काळाच्या रिवाजात जिंकणाऱ्याचे सगळे. ठीक. पण रिवाज होता म्हणून हिशेब झाला का? आणि मुळात टिपूकडे ते कसे आले, हेही विचारावेच लागते.

इथे गोष्ट सरळ राहत नाही. टिपूच्या बाजूने उभे राहून अश्रू ढाळणे सोपे आहे, पण त्याने १७८४ साली मंगळूर आणि कानडा किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती लोकांना घरादारांतून उठवून श्रीरंगपट्टणला कैदेत नेले होते. कोकणी बोलणारी, आपल्याच शेजारची माणसे ती. त्यांच्यातले कितीतरी वाटेतच आणि कैदेत मेले. त्यांची चर्चे पाडली गेली. जे वाचले, त्यांना १७९९ नंतर परत जाता आले. मग एखादा म्हणेल की फिटंफाट झाली. ज्याने चर्चे पाडली त्याच्याच महालाच्या लाकडाचे चर्च झाले.

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. खतावणीत एकाच्या खात्यातले देणे दुसऱ्याच्याच खात्यात जमा दाखवले, तर परीक्षक लाल रेघ ओढतात. मंगळूरच्या कॅथलिक शेतकऱ्याचे घर गेले. उटीला छप्पर मिळाले ते इंग्रज अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना. दोघे येशूचे नाव घेत होते एवढ्यावर पहिल्याची भरपाई झाली असे म्हणायचे असेल, तर माणूस नाहीसा करून त्याच्या जागी नुसता ‘धर्म’ हा खातेदार धरावा लागतो. इतिहासातले बहुतेक सूड असेच मांडले जातात. नुकसान एका माणसाचे, वसुली दुसऱ्याकडून, जमा तिसऱ्याच्या खात्यावर, आणि वर सगळ्यांनी समाधान मानायचे.

आपण मराठी माणसे या गोष्टीत प्रेक्षक आहोत असे वाटत असेल, तर तेही खरे नाही. १७९० ते १७९२ या युद्धात मराठे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला होते. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले आणि त्यात मराठ्यांनाही वाटा मिळाला. त्याच मोहिमेत, १७९१ साली, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदांबेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. शंकराचार्यांना मठ सोडावा लागला. त्यांनी टिपूला कळवले, आणि टिपूने दुःख व्यक्त करणारी पत्रे लिहिली, मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी पैसा आणि साहित्य पाठवले. ती पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात सापडली.

बंगळुरूची मराठी कुटुंबे शृंगेरीला जातात. आमचेही जाते. तुंगेच्या घाटावर माशांना कुरमुरे टाकायचे, शारदांबेसमोर मुलांचे अक्षरारंभ करायचे, प्रसादाच्या पंगतीला बसायचे. या लुटीचा उल्लेख आमच्या घरात मी कधी ऐकला नाही. कोणी लपवले असे नाही, त्यात सांगण्यासारखे काही आहे असेच कोणाला वाटले नसावे. पानिपत आम्हाला घरोघर सांगतात, शृंगेरी नाही. आपल्यावर झालेले लक्षात राहते आणि आपल्याकडून झालेले विरून जाते. याला कोणताही समाज अपवाद नसेल. पण ‘लुटीच्या लाकडाच्या चर्चमध्ये कशाला हात जोडायचे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने शृंगेरीच्या पायरीवर कोणत्या तोंडाने डोके टेकायचे, हेही मग सांगावे. मला तरी दोन्हीकडे डोके टेकायचे आहे.

टिपू, इंग्रज आणि मराठे हे निदान कागदावर आहेत. उटीच्या डोंगराचा आणखी एक जुना खातेदार आहे. उदगमंडलम् या नावातला ‘मंड’ म्हणजे तोडा लोकांची वस्ती. अर्ध्या पिंपासारख्या वाकवलेल्या छपराची त्यांची मंदिरे असतात, दार इतके बुटके की रांगतच आत जावे लागते. म्हशींचे दूध आणि लोणी हाच त्यांच्या उपासनेचा गाभा. दुग्धालय हेच मंदिर आणि गवळी हाच पुजारी. १८२९ च्या कोनशिलेआधी या डोंगरावर देवाचे घर नव्हते असे नाही, ते दगडी नव्हते इतकेच. उटी वसवणारे कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी तोडांचा या जमिनीवर हक्क आहे, असे सरकारला आवर्जून लिहिले होते. आणि स्वतः भरपूर जमीनही घेतली होती. माणूस असा दोन्ही असू शकतो. त्यांची पत्नी हेन्रिएटा आणि मुलगी हॅरिएट १८३८ साली गेल्या. दोघींचे दफन याच चर्चच्या आवारात झाले. सलिव्हन नंतर मायदेशी परतले, त्या दोघी इथेच राहिल्या. चर्चमागचा उतार चढून गेलात तर अशा कितीतरी कबरी दिसतात. बऱ्याच लहान मुलांच्या. त्यांच्यापुढे उभे राहून ‘तुमच्या छपराचे लाकूड लुटीचे होते’ असे म्हणवत नाही. आणि न म्हटल्याने ते खोटेही ठरत नाही.

अनुवाद करताना ‘सेक्रेड’ या शब्दासाठी मी डोळे झाकून ‘पवित्र’ लिहीत आले आहे. आपल्या बोलीत पवित्र म्हणजे ज्याला डाग नाही ते. सोवळे, स्पर्श न झालेले. या अर्थाने पाहिले तर उटीचे चर्च पवित्र नाही, शृंगेरी नाही, बहुधा कोणतीच जुनी वास्तू नाही. पण शब्दाचे मूळ निराळे सांगते. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, आणि पवित्र म्हणजे शुद्ध करण्याचे साधन. वेदकाळी सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळत, तिला पवित्र म्हणत. पूजेला बसताना बोटात घालतो ते दर्भाचे पवित्रकही त्याच कुळातले.

गाळणी! चहा गाळून झाल्यावर गाळणीकडे कधी पाहिले आहे का? स्वच्छ ती नसते, स्वच्छ असतो कपातला चहा. सगळा चोथा तिच्यात. दोनशे वर्षे लोक एका छताखाली येऊन रडले, क्षमा मागितली, मूल पुरून आले, लग्न करून गेले. त्यांचे मन काही अंशी निवळले असेल, तर ती जागा पवित्र आहे, गाळणीच्या अर्थाने. तुळयांचा इतिहास तिच्यातच अडकलेला आहे आणि असणारच. गाळणीला चोथा नाही असे म्हणणे हा खोटेपणा. चोथा आहे म्हणून गाळणी फेकून देणे हा दुसरा वेडेपणा.

ताईंना हे पटले, पण अर्धेच. त्या म्हणाल्या, “मग करायचं काय? चर्चने तुळया काढून श्रीरंगपट्टणला पाठवायच्या?” अर्थातच नाही. घ्यायला तिथे कोण आहे? टिपूच्या लाल महालाचा आता केवळ पाया उरला आहे. आणि आज त्या चर्चमध्ये रविवारी जे बसतात, ती मुख्यतः इथलीच, तमिळ बोलणारी कुटुंबे. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी श्रीरंगपट्टण लुटले नव्हते. त्यांच्या डोक्यावरचे छत उतरवणे म्हणजे पुन्हा भलत्याच खात्यातून वसुली.

महाबळेश्वरची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथले होली क्रॉस चर्च उटीच्याच साली, १८३१ मध्ये झाले आणि क्राइस्ट चर्च १८४२ मध्ये. तिथे जागा लुटून घेतली नव्हती. १८२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती रीतसर घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिले. कागद चोख. दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनी सरकारने महाराजांना गादीवरून उतरवून काशीला पाठवले. महाबळेश्वरला जाणारा मराठी माणूस मॅप्रो, स्ट्रॉबेरी आणि पंचगंगा करून येतो, यातले काही आठवत नाही. म्हणजे सातबारा स्वच्छ असला तरी तेवढ्याने भागत नाही.

मी ताईंना माझ्या पुस्तकातला आणखी एक नियम सांगितला. कर्ज दिल्यावर ठराविक वर्षांत दावा केला नाही, तर ते मुदतबाह्य होते. न्यायालय वसुली करून देत नाही. पण कर्ज नव्हतेच, असे कायदा म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २५ एक सुंदर वाट मोकळी ठेवते. असे मुदत गेलेले कर्ज फेडण्याचे वचन कर्जदाराने स्वतःहून लिहून, सही करून दिले, तर ते वचन बंधनकारक ठरते. एरवी मोबदल्याशिवाय करार होत नाही. इथे बदल्यात काहीच मिळणार नसते, तरी कायदा ते मानतो. कोणी मागत नाही, कोणी मागू शकत नाही, आणि तरी एक माणूस म्हणतो, ‘हो, हे देणे आहे.’ पाठ करताना मला तो एक कोरडा अपवाद वाटला होता. उटीहून आल्यावर पुन्हा वाचला.

लाकूड परत देता येत नाही. लिहून देता येते. ताईंच्या मैत्रिणीने उटीच्या सहलीची छायाचित्रे आमच्याकडे पाठवली होती, त्यांना मराठी ओळी हव्या होत्या. चर्चच्या आतल्या छायाचित्राखाली इंग्रजीत होते की टिपूच्या महालातल्या लाकडाने नटलेले हे शांतिस्थान आहे. ‘नटलेले’ मी काढले. त्या जागी लिहिले, ‘१७९९ साली जिंकून लुटलेल्या श्रीरंगपट्टणच्या राजवाड्यातून आणलेल्या तुळयांवर हे छत उभे आहे. येथे दर रविवारी प्रार्थना होते.’ ताईंनी दोन्ही वाक्ये ठेवली. मग बराच वेळ काही लिहिले नाही, आणि नंतर त्यांचा निरोप आला, ‘शृंगेरीच्या फोटोंखाली काय लिहिणार आहेस? ते डिसेंबरात येतील.’